न्यूटांना शिळंच पाणी लागतं!

कम्युनिटीतल्या मंडळींनो, आज डोकं तापलंय. सांभाळून घ्या. नाही घेतलंत तरी चालेल!

माझ्याकडे काचेच्या टाकीत दोन न्यूट आहेत. नवीन लोकांसाठी सांगते, दिसायला पालीसारखे, पण बेडकाच्या जातकुळीतले, पाण्यात राहणारे. नळाच्या पाण्यातलं क्लोरीन त्यांच्या कातडीला सोसत नाही. म्हणून मी पाणी दोन दिवस बादलीत उघडं ठेवते आणि मगच टाकीत घालते.

आज सकाळी नळाला पाणी आलं. सासूबाईंनी शिळं म्हणून माझी बादली मोरीत ओतली आणि वर प्रेमाने टाकीतलंही सगळं पाणी बदललं! मी आंघोळ करून येते तर दोघे काचेवर चढून बाहेर पडायला बघतायत.

दोघांना ओल्या फडक्यासकट डब्यात ठेवलं आणि वरच्या मजल्यावरच्या आपांकडे धावले.

"पानी है, पर दो दिन का बासी है," आपा म्हणाल्या.

"आपा, बासीच मंगता है!"

आता न्यूट शांत आहेत. सासूबाई मात्र नाहीत. "घरात शिळं पाणी ठेवलं तर लोक काय म्हणतील?"

म्हणू देत. न्यूट राहणार, बादलीही राहणार. उद्या नळ येईल तेव्हा मी बादलीवर फळी टाकून बसलेली असेन. नवरा रात्रीची शिफ्ट करून येईल, त्याला सांगून ठेवलंय, चहा तिथेच आणून दे.

तुमच्याही घरी कोणी प्रेमाने तुमचं काही ओतून देतं का? मग समजावत बसू नका. बादलीवर बसा.