हलव्याचे दागिने आणि ह्यांचा कॅमेरा

आमच्या ह्यांना कॅमेरा निवडायला सांगितला, तिथंच मी चुकले. जन्म वकिलीत गेलेला. एका घोटाला एका कॅमेऱ्याची बाजू मांडायची, दुसऱ्या घोटाला त्याच्याच विरुद्ध बोलायचं, आणि चहा संपला की प्रकरण पुढच्या तारखेला.

मागणी ती केवढी! मुलगी संक्रांतीला आमच्याकडे नल्लकुंट्याला येणार होती, नातीचं पहिलं बोरन्हाण करायला. सासूबाईंनी हलव्याचे दागिने घरीच करायला घेतले. विकतचे त्यांना प्लास्टिकचे मणी वाटतात. मंद आचेवर परातीत तीळ, त्यावर चमचा चमचा पाक, आणि बोटांनी हलवत बसायचं. बोटं भाजत, पण ऐकतील तर शपथ. हार, बाजूबंद, मुकुट सगळं ओवून झाल्यावर डोळे पुसत म्हणाल्या, "आता पुन्हा नाही होणार गं माझ्याच्यानं, दिसतच नाही. हे घातलेल्या पोरीबरोबर माझा एक फोटो काढून ठेवा, बस्स."

फोनवर काढला असता. पण आमच्या हॉलमध्ये भरदिवसा दिवा लावावा लागतो, पोर एका जागी ठरत नाही, आणि काळा फ्रॉक फोनमध्ये नुसता डांबराचा गोळा दिसतो. म्हणून फार महागही नको, अगदी साधाही नको, असा घरच्या फोटोंपुरता एक कॅमेरा घ्यायचं ठरलं. झालं! मार्गशीर्षभर तेच पुराण. हा जड, तो हलका पण त्याची बॅटरी टिकत नाही, ह्याची लेन्स बदलता येते, त्याची येत नाही. आबिड्सचा दुकानदार परेशान झाला. "साब, घर के फोटुवां लेनाच है ना? कोई बी लेलो," म्हणाला. हे दुखावले आणि विद्यानगरच्या मित्राचं मत घ्यायला निघाले.

तेवढ्यात पौष लागला. सासूबाई म्हणाल्या, पौषात नवी वस्तू घरात नक्को. ह्यांना तेवढंच हवं होतं. मी नुसती चडफडत राहिले. समोरच्या तेलुगू बिऱ्हाडात भोगीलाच पोरांच्या डोक्यावर बोरं ओतून झाली, फोटो ग्रुपवरही पडले, आणि आम्ही आपले पंचांग घेऊन बसलेलो! बोरन्हाण रथसप्तमीपर्यंत चालतं म्हणून निभावलं. मुलीनं कशीबशी रजा वाढवून घेतली.

माघ लागल्यावर एकदाचा कॅमेरा आला. त्याला हळदकुंकू लागलं, फूल वाहिलं, आणि हे सोबतची पुस्तिका घेऊन बसले ते रथसप्तमीपर्यंत.

नातीला पाटावर बसवलं. मागे खुर्चीत सासूबाई, निळं इरकल नेसून, केस नीट विंचरून. "सगळ्यांनी फोन खाली ठेवा, मध्ये कुणी येऊ नका," ह्यांनी फर्मान काढलं. मग हे बटण, ते बटण.

"अहो, ऑटोवर ठेवा आणि काढा की!"

"ऑटोवर ठेवायला एवढा अभ्यास केला का मी?"

बोरं, चुरमुरे ओतले. पोर खुदकन हसली. पाठोपाठ तिनं मुकुट उपटला आणि चावला, हार तटकन तुटला, शेजारची पोरं हलवा वेचायला तुटून पडली. ओंजळभर उरला तो मुंग्यांनी खाल्ला.

संध्याकाळी टीव्हीवर फोटो लावले. खोटं कशाला बोलू, पोर इतकी सुरेख आली होती! हलव्याचा काटा न् काटा मोजून घ्यावा.

"बघ," हे म्हणाले, "मागचं सगळं कसं विरघळवलंय. ह्यासाठीच ही लेन्स घेतली."

"मागचं? अहो, मागे तुमची आई बसलीय!"

ह्यांनी घाईघाईनं पुढचा फोटो लावला, मग त्याच्या पुढचा. सगळे तसेच. मला रागानं रडूच फुटलं. एवढे महिने घातले, आणि जो एक फोटो मागितला होता तोच नाही. दागिने तर कधीच पोटात गेलेले.

सासूबाई चष्मा पुसत टीव्हीजवळ गेल्या. "माझ्याच डोळ्यांचं काहीतरी," त्या म्हणाल्या, "पोर दिसतेय छान. मी कुठं आहे रे ह्यात?"

हे उठले आणि पडद्यावरच्या निळ्या डागावर त्यांनी बोट ठेवलं.