रक्तपेढीत लॉगिन होईना

सोलापुरातल्या एका रक्तपेढीचे कॉम्प्युटर मी सांभाळायचो. एका सोमवारी संध्याकाळी तिथला जुना सर्व्हर बंद पडला. मंगळवारी सकाळी मी नव्या सर्व्हरवर बॅकअप चढवला, सगळ्यांची लॉगिनची नावं हाताने भरली, नोंदी तपासल्या आणि सगळ्यांना सांगून टाकलं, "झालं, करा काम सुरू."

पाचच मिनिटांत तंत्रज्ञ मॅडमनी हाक मारली. "सर, लॉगिन होत नाहीये." त्यांचंच नव्हे, कुणाचंच होत नव्हतं.

मी पासवर्ड बदलून दिले. उपयोग झाला नाही. मॅडमचं खातं नव्याने उघडायला गेलो, तर डेटाबेस म्हणाला, हे नाव आधीच आहे.

तेवढ्यात मोहोळचा एक माणूस डॉक्टरांची चिठ्ठी आणि बायकोच्या रक्ताचा नमुना घेऊन आला. ती बाळंत झाली होती, रक्त फार गेलं होतं. ओ निगेटिव्ह हवं होतं. तशी एकच पिशवी फ्रीजमध्ये होती, रविवारच्या शिबिरातली. तिच्या तपासणीचा निकाल कॉम्प्युटरमध्ये नोंदवलेला होता, पण कागदावर उतरायचा राहिला होता.

"निकाल बघितल्याशिवाय मी पिशवी देणार नाही," मॅडम म्हणाल्या. त्यांचं बरोबरच होतं. मला डेटाबेसमध्ये शिरता येत होतं. पण तिथले सांकेतिक आकडे वाचून रक्त द्या म्हणायचा अधिकार मला नव्हता.

"लई वेळ लागंल का, साहेब?" त्या माणसाने विचारलं. मला त्याच्याकडे बघवेना.

मॅडम माझ्या खुर्चीमागे येऊन उभ्या राहिल्या. "नाव माझंच आहे ना त्यात? मग मला ओळखत का नाही?"

त्या प्रश्नाने मी थांबलो. प्रत्येक नावामागे सर्व्हरने दिलेला एक ओळख क्रमांक असतो. नव्या सर्व्हरवर तीच नावं मी सकाळी हाताने भरली होती, म्हणून त्यांना नवे क्रमांक मिळाले होते. बॅकअपमध्ये मात्र जुनेच होते. नावं जुळत होती, क्रमांक जुळत नव्हते.

मॅडमचं बॅकअपमधलं नाव मी नव्या खात्याशी जोडलं. एका ओळीचा आदेश होता.

"आता बघा."

त्यांनी पासवर्ड टाकला. स्क्रीन उघडली. त्यांनी निकाल दोनदा वाचला, रक्त जुळवून पाहिलं आणि पिशवी थंड डब्यात ठेवून त्या माणसाच्या हातात दिली. तो धावतच गेला.

बाकीची नावं मी एकेक करून जोडली. दुपारी मोहोळच्या त्या माणसाचा फोन आला. मॅडमनी रिसीव्हर माझ्या कानाला लावला.

"रक्त चढलं साहेब. बोलायला लागली की ती. पोरगी झालीया."

मी बाहेर जाऊन पायरीवर बसलो. कडक ऊन होतं, तरी उठावंसं वाटत नव्हतं. थोड्या वेळाने मॅडम चहा घेऊन आल्या आणि शेजारी बसल्या.