जाड वातीची मेणबत्ती

घरच्याच मेणबत्त्यांच्या कारखान्यात सासूबाईंचा उभा जन्म गेला. गिऱ्हाइकासाठी त्या बारीक वात घालायच्या, म्हणजे मेणबत्ती सावकाश जळायची. सुनेच्या जेवणासाठी मात्र खास वेगळी बनवायच्या. जाड वात आणि मऊ मेण. सगळ्यांचं उरकून सून ताटावर बसली, की ती पेटवून उघड्या खिडकीत ठेवायच्या. वाऱ्याने ज्योत फडफडायची, मेण एका अंगाने भराभरा ओघळायचं. मेणबत्ती विझली की ताट उचलायचं, हा त्या घरचा कायदा. सून कित्येकदा अर्धपोटी उठली.

आता सासूबाईंचे दात गेलेत, हात थरथरतात, एकेक घास तोंडात घोळत राहतो. सुनेने आज त्यांना ताट वाढलं, खिडकी सताड उघडली आणि तिच्यात मेणबत्ती पेटवून ठेवली.

म्हातारीने ज्योत पाहिली आणि तिच्या हातातला घास खाली पडला.

"वात जाड घातलीस ना गं, मेले?"

"मी कुठली घालतेय, सासूबाई? तुमच्याच हातची आहे. तुम्ही अंथरुणाला खिळलात तेव्हा पेटीभर उरल्या होत्या. जेवा, जेवा पटापट."