पंख्याचा आवाज

संगणकाच्या पोटात तळहाताएवढे पंखे असतात, हे मला परवा कळले. शिक्षणासाठी माझ्याकडे राहणारी नात, मुक्ता, दुकानात गेमिंगच्या संगणकाचे सुटे भाग निवडत होती.

"आजोबा, हा पंखा घेते. जराही आवाज नाही. तुमची झोप मोडायची नाही."

"आवाजाचा घे."

"काहीतरीच तुमचं! लोक शांततेसाठी जास्त पैसे मोजतात, आणि तुम्हाला घोरण्याला साथ हवीय?"

गजबजलेल्या घराला शांतता विकत घ्यावी लागत असेल. पत्नी गेल्यापासून माझ्या घरात ती न मागता साचली आहे. शेजारच्या खोलीत कोणी आहे, हे शेवटी आवाजावरूनच कळते. 

मुक्ताने माझ्याकडे क्षणभर पाहिले आणि हातातला पंखा परत ठेवला.

आता भिंतीपलीकडे दुसरा पंखा घरघरतो आणि मला झोप लागते.