टाकेबाई

आमच्या आत्याला कौतुक खपायचं नाही. निंदा एकवेळ चालायची. देवासच्या शाळेत तीस वर्षं मुलींना शिवण शिकवून ती निवृत्त झाली आणि साठीनंतर चांदीचे दागिने घडवायला निघाली, तेव्हा घरात कौतुकाला नुसता ऊत आला. “वन्सं, या वयात किती हौस हो तुम्हाला!” आई म्हणाली. आत्याने हातातला कप खाली ठेवला. “हौस नाही, काम शिकत्येय. आणि माझं वय मला माहीत आहे.”

शिकायला ती धारला जायची, आठवड्यातून दोनदा, इंदूरला बस बदलून. तिथले वयस्कर सोनार, सोनीजी, तिचे गुरू. पहिल्याच आठवड्यात त्यांनी साखळीच्या दोन कड्या पुढे ठेवल्या. “मैडमजी, टांका लगा दो.” सोनाराच्या दुकानात टांका म्हणजे विस्तवावर वितळवून केलेला सांधा, हे आत्याच्या गावीही नव्हतं. तिने बारीक तार घेतली आणि दोन्ही कड्या चक्क शिवून टाकल्या. वर दुहेरी गाठ! सोनीजी पोट धरून हसले. “मैडमजी, यो तो तुरपई है! टांका तो आग से लगे.” आत्या हसली नाही. “तो आग दीजिए,” म्हणाली. ‘टाकेबाई’ हे नाव त्या दिवशी पडलं आणि तिने ते मुकाट्याने घेतलं, कारण त्यात कौतुक नव्हतं.

ज्योत जरा रेंगाळली की कडीचा थेंब होतो. पहिलं वर्ष असल्या थेंबांतच गेलं. बोटं भाजली. मग मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं आणि डॉक्टरांनी परवानगी दिल्याच्या दुसऱ्या दिवशी बाई पुन्हा बसमध्ये.

“आत्या, छोड़ो ना अब, किती धावपळ करतेस!” मी म्हणायचे.

“तू आधी एक वाक्य धड मराठीत बोल, मग मला सोडायला सांग.”

पुढे हात बसला. नात्यातल्या बायका तिच्याकडून दागिने घेऊ लागल्या, एकदा घालून कपाटात ठेवू लागल्या. आत्याला ते बरोबर कळायचं. “या सगळ्या माझ्याकडे बघून घेतात गं. दागिन्याकडे बघून कुणी घेईल, तेव्हा मी कारागीर.” मला तेव्हा हा निव्वळ हट्ट वाटायचा.

तिसऱ्या वर्षी सोनीजींनी तिची पायातल्या साखळ्यांची जोडी आपल्या मालात मांडली. हाटाचा दिवस होता, मी सोबत होते. कुक्षी गावाकडची एक बाई आली. तिने साखळी उचलली, दोन्ही हातांनी खच्चून ओढली, एकेक सांधा नखाने तपासला. आत्याने माझं मनगट घट्ट धरलं होतं. बाईने भावावरून सोनीजींशी मनसोक्त हुज्जत घातली, साखळ्या तिथेच पायात घातल्या आणि गर्दीत चालती झाली. कुणी घडवल्या, हे तिने विचारलंच नाही.

आत्या दुकानाच्या पायरीवर येऊन तिच्याकडे बघत राहिली. डोळे भरून आले होते. आत्याला जाऊन आता दोन वर्षं झाली, मला तिची फार आठवण येते, आणि येते ती त्या पायरीवरची, माझा हात गदागदा हलवणारी. “बघ, बघ! मागे वळून पाहिलंसुद्धा नाही तिने!”