साकव कुणाचा

रशिया आणि अमेरिका यांच्या पोटात नेमकं काय चाललं आहे हे साऱ्या ठाणे जिल्ह्यात एकाच माणसाला कळत होतं, आणि तो माणूस उभ्या आयुष्यात कल्याणच्या पुढे गेला नव्हता. तो माणूस म्हणजे माझे सासरे. मी स्वतः बी.ए. आहे, तेही अर्थशास्त्र घेऊन. आमच्या घराण्यात कॉलेजची पायरी चढलेला पहिला मीच, आणि ही माहिती मी समोरच्यानं विचारायची वाट न पाहता देतो, तेव्हा इथंही देऊन टाकली. पण परक्या देशाचं भांडवल आपल्याकडे येतं म्हणजे काय होतं, हे मला कॉलेजात जेवढं कळलं त्यापेक्षा जास्त सासऱ्यांच्या पडवीत कळलं. एवढं एक वाक्य कबूल करायला मला काही वर्षं लागली, यावरून माझ्या पदवीचं वजन वाचकांनी ओळखावं.

सासऱ्यांचं शिक्षण मराठी चौथी. गाव बदलापूरपासून तीन मैल आत, उल्हास नदीला मिळणाऱ्या एका ओहोळाच्या पलीकडे. तिथं वर्तमानपत्र येत नसे, पुड्या येत. आठवड्यातून एकदा ते बैलगाडीत भेंडी, गवार, पडवळ घालून फाळणीनंतर आलेल्या सिंधी निर्वासितांच्या कॅम्पात जात. उल्हासनगर हे नाव कागदोपत्री येऊन बरीच वर्षं झाली होती, तरी आमच्याकडे अजून कॅम्पच म्हणत. तिथं एका सिंधी शेठचं किराण्याचं दुकान होतं आणि त्यालाच लागून भाजीची आडत. भाजी आडतीवर टाकायची आणि दुकानातून चहा, गूळ, हळद घेऊन यायचं. हा माल ज्या कागदात बांधलेला असे तो सासऱ्यांचा पेपर. पुडी सोडली की कागद मांडीवर पसरायचा, तळहातानं सुरकुत्या मोडायच्या, आणि जिथं गुळाचा डाग असेल तिथली अक्षरं अंदाजानं घ्यायची. कागद अर्थातच पुडीच्या मापानं फाडलेला. त्यामुळे मिसर देशानं सुएझचा कालवा ताब्यात घेतला इथवर बातमी मिळे, आणि पुढचा मजकूर हिंग बांधून दुसऱ्याच कुणाच्या घरी गेलेला असे. सासरे डगमगत नसत. उरलेली बातमी ते स्वतः पुरी करत. "आता इंग्रज नि फ्रेंच गप बसायचे नायत," असं त्यांनी पावशेर हळदीच्या आधारावर जाहीर केलं, तेव्हा मी त्यांना आंतरराष्ट्रीय कायदा समजावून दिला होता. दोन-तीन महिन्यांत इंग्रज नि फ्रेंच तिथं बॉम्ब टाकायला हजर झाले. तेव्हापासून मी सासुरवाडीला आंतरराष्ट्रीय कायद्यावर बोलत नाही.

त्यांचा सिद्धांत एकच होता आणि तो भिलईपासून शेजारच्या विहिरीपर्यंत ते कुठंही लावत. भिलईला रशिया पोलादाचा कारखाना उभा करून देतोय, दुसरीकडे जर्मन देतायत, तिसरीकडे इंग्रज देतायत, हे पुड्यांमधून त्यांना कळलं होतंच. "कशापायी देतात?" ते विचारत. "आपली दया येते म्हणून? अहो, पूल बांधणारा पलीकडं जायला नाय बांधत. तुमी त्याच्याकडं यावं म्हणून बांधतो." आणि हे नुसतं बोलून थांबत नसत. एका साली त्यांचा एक बैल मेला आणि दुसरा लंगडू लागला. चुलतभावानं आपली जोडी देऊ केली. सासऱ्यांनी त्यातला एकच बैल घेतला आणि दुसरा, ज्याच्याशी त्या चुलतभावाचं बांधावरून भांडण होतं, त्या शेजाऱ्याकडून आणला, म्हणजे कुणा एकाच्या गटात गेल्यासारखं नको. दोन्ही बैल आपापल्या मालकाच्या घराकडे ओढत होते. नांगरणी अशी तिरकी झाली की गावात अजून ते शेत खूण म्हणून सांगतात. "तिरकी हाय, पण आपली हाय," सासरे म्हणाले. विहिरींचंही तेच. पूर्वेच्या विहिरीचं पाणी अंघोळीला, पश्चिमेच्या विहिरीचं प्यायला. सासूबाई एकदा मला म्हणाल्या, "यांचा रशिया अंगावर घ्यायचा नि अमेरिका प्यायची. घागर दोन्ही येळेला माझ्याच डोक्यावर."

मी मुलगी बघायला गेलो तेव्हा अंगात इस्त्रीचा कोट होता आणि तोंडात तयार करून ठेवलेली इंग्रजी वाक्यं होती. सासऱ्यांनी पगार विचारला नाही, शेतीवाडी विचारली नाही. मी अंबरनाथच्या ज्या कारखान्यात कारकून होतो तो युरोपातल्या एका देशाच्या मदतीनं उभा राहत होता, आणि त्यांना तेवढ्यातच रस होता.

"त्या देशाची माणसं किती दिस ऱ्हाणार?"

"यंत्रं बसली की जातील."

"आणि यंत्राचा एखादा भाग मोडला तर?"

"तो तिकडूनच मागवावा लागतो."

"म्हंजे गेली तरी हायतच."

यावर मी त्यांना तांत्रिक ज्ञानाच्या देवाणघेवाणीबद्दल चांगला अर्धा तास माहिती दिली. त्यांनी ती शांतपणे ऐकली आणि मध्यस्थाला म्हणाले, "पोरगा शिकलेला हाय. शिकल्यावर बोलावं लागतं." हे मी कौतुक समजलो. बायकोनं अर्थ सांगेपर्यंत समजत होतो.

आता त्या ओहोळाबद्दल सांगतो, कारण पुढचं सगळं त्याच्याच काठावर घडलं. ओहोळावर लाकडाचा साकव होता. दिवाळी झाली की गावातलं प्रत्येक घर एक वासा आणि एका माणसाचं एक दिवसाचं काम देई. ज्याचा वासा साकवात, त्याचं घर गावात धरलेलं. अशी रीतच होती. आणि आषाढात पाणी चढलं की ओहोळ सगळ्यांचे वासे सारख्याच प्रेमानं घेऊन जाई. मग दसऱ्यापर्यंत गाव पलीकडे आणि जग अलीकडे. लग्नानंतरच्या पहिल्या श्रावणात बायकोला माहेरी जायचं होतं. सासरी गेलेल्या लेकीला न्यायला माहेरहून मुराळी यावा लागतो. बहुतेक भाऊ येतो. हिला भाऊ नव्हता, तेव्हा मुराळी म्हणून सासरे स्वतः येणार होते. ठरलेल्या दिवशी ते आले नाहीत, तेव्हा आम्ही दोघंच बदलापूरला उतरून काठावर जाऊन थांबलो. साकव आठ दिवसांपूर्वीच वाहून गेला होता. पलीकडे डोक्यावर इरलं घेतलेले सासरे दिसले. ते काहीतरी ओरडत होते, पाण्याच्या आवाजात ते कळेना. हिनं हात हलवला, त्यांनी हलवला. मग ते वळले आणि गेले. परत येताना बायको गाडीत एक शब्द बोलली नाही, घरीही दोन दिवस बोलली नाही. मी तिला दळणवळण आणि प्रादेशिक विकास यांचा संबंध सांगितला, त्यामुळे तिसऱ्या दिवशीही बोलली नाही.

तेव्हा मी ठरवलं की पदवी आता कामाला लावायची. पुढचा श्रावण यायच्या आत इथं लोखंडी साकव उभा करायचा. आमच्या कारखान्याच्या आवारात मशिनरीबरोबर आलेले तुळईसारखे लांब लोखंडी गज गंजत पडले होते. मी परदेशी साहेबाला इंग्रजीत अकरा पानांचा अर्ज लिहिला. त्यात व्यापार होता, कच्चा माल होता, मजुरांची उपलब्धता होती. तो अर्ज मी बायकोला मराठी करून वाचून दाखवला. तिनं भाजी चिरता चिरता पुरा ऐकला आणि विचारलं, "अकरा पानांत मी कुठं हाय?"

साहेबानं मात्र अर्ज मनावर घेतला. आणि इकडे कॅम्पातल्या शेठनंही पूल बांधून देऊ का, असं आपणहून विचारलं. पावसाळ्यात गावची भाजी येत नसे, आडत सुकी पडे. सासऱ्यांना एकदम दोन पूल चालून आले. दुसरा कुणी आनंदानं नाचला असता. सासऱ्यांनी दोघांनाही एकाच दिवशी, एकाच वेळेला घरी बोलावलं.

ती बैठक मी विसरणार नाही. पडवीत समोरासमोर दोन खाटा टाकल्या होत्या. त्यातली एक बोटभर ठेंगणी निघाली, म्हणून सासऱ्यांनी तिच्या पायांखाली विटा घातल्या. मग ती उंच झाली, म्हणून दुसरीखाली घातल्या. शेवटी शेठ आणि साहेब दोघंही एवढ्या उंच बसले की साहेबाचे पाय कसेबसे टेकत होते आणि बुटक्या शेठचे हवेत लोंबत होते. दोघांना चहा एकाच मापाच्या कपातून. मी दुभाष्या म्हणून मधे पाटावर. सासऱ्यांनी आधी शेठला विचारलं, काय पाहिजे.

"साईं, लोखंड, सिमिट, सब मेरा. तुमचा भाजी बारा महिना माझ्याकडे आला पायजे, दुसऱ्या आडतीवर नाय. आणि एक छोटा पाटी, मेरे पिताजी के नाम का. बस."

साहेबाला हवी होती माणसं. पावसाळ्यात पाळीवर माणूस मिळत नाही. गावानं दहा-बारा जण लिहून द्यावेत. "पावसाळ्यात?" सासरे म्हणाले. "मंग लावणी कोण करणार? त्यांना सांगा, इचार करू." मी सांगितलं. जरा चांगल्या इंग्रजीत सांगितलं. गाव साहेबांचे उपकार पिढ्यान् पिढ्या विसरणार नाही, असं काहीसं वाक्य माझ्याकडे कॉलेजपासून पडून होतं, ते मी तिथं वापरलं. साहेबाचा चेहरा खुलला. सासऱ्यांना इंग्रजीचं अक्षर येत नव्हतं. ते साहेबाच्या तोंडाकडे बघत होते.

"जावईबापू, मी एवढं बोललो नव्हतो."

"तेच सांगितलं, मामा."

"मंग तो एवढा हसला कशाला?"

मी पाटावर जरा खाली बसलो. सासऱ्यांनी मग दोघांना एकच प्रश्न टाकला: पूल वाहून गेला तर नवा कोण बांधणार? शेठ म्हणाला, वो तो भगवान की मर्जी. साहेब म्हणाला, त्याच्या देशातल्या मुख्य कचेरीला विचारावं लागेल. सासऱ्यांनी मान हलवली. "म्हंजे ऱ्हायला तर तुमचा, वाहून गेला तर आमचा."

बोलणी तिथंच संपली. साहेब टोपी घालून, मला सोडून, निघून गेला. शेठ विटांवरून खाली उतरला, चप्पल शोधली, आणि शांतपणे म्हणाला, "साईं, तुमको कोई पूल देता है तो तुम सोचता है. हमारा पूरा गाँव उस पार रह गया. उधर कोई एक लकडी भी नहीं डालता." सासरे उठले. ते शेठबरोबर ओहोळापर्यंत चालत गेले आणि पडवळाची एक पाटी स्वतःच्या हातानं त्याच्या टांग्यात ठेवून आले. पुढं रशियाबद्दल, अमेरिकेबद्दल ते सगळं बोलत राहिले, पण शेठला त्या यादीत त्यांनी पुन्हा कधी धरलं नाही.

मी काठावरच त्यांना गाठलं. म्हटलं, ते दोघं राहू देत, ते गज मी भंगारात विकत घेतो आणि मीच साकव बांधून देतो, मी तर घरचाच माणूस. साहेबाला त्यांनी निदान विचार करू एवढं तरी सांगितलं होतं. मला ते पुरतं बोलूही न देता म्हणाले, "तुमचा तर मुळीच नको." मी रुसलो. चांगला चार महिने रुसलो. अख्ख्या गावात एक पदवीधर येतो आणि त्याची ही किंमत, असं बायकोला पुन्हा पुन्हा सांगितलं. ती म्हणाली, "बाबांनी रशियाला नाय म्हटलं, तुमी कोण?"

त्या उन्हाळ्यात सासऱ्यांनी दारातला जांभूळ तोडला. अर्धा मैल वर ओहोळ दोन कातळांमधे अरुंद होतो. वळसा पडतो म्हणून तिथं साकव कधी कुणी घातला नव्हता. मधली तुळई त्या जांभळाची आणि वर प्रत्येक घरचा एक वासा, पाण्यापासून चांगला दोन पुरुष उंच. आषाढ गेला, साकव राहिला. श्रावणात सासरे मुराळी म्हणून अंबरनाथला आमच्या दारात उभे, अंगात धुतलेली बंडी, इरल्याखाली गुळाची पुडी, आणि पुडीचा कागद वाचून झालेला. मी दोघांना पोचवायला साकवापर्यंत गेलो. बायको पुढं झाली, ते मागं. मी विचारलंच, "मामा, माझं लोखंड का नको होतं?"

"जावईबापू, शेठनं बांधला असता तर साकव शेठचा. साहेबानं बांधला असता तर साहेबाचा. तुमी बांधला असता तर पोरगी तुमच्या साकवावरनं आली असती. मंग ती माहेरी आली असं कसं म्हणायचं?"

माझ्याकडे अर्थशास्त्राची बरीच पुस्तकं आहेत. त्यात हे नाही. जाता जाता ते थांबले आणि म्हणाले, "दिवाळीला एक वासा घेऊन या. एकच. दोन आणलेत तर माघारी पाठवीन."

तेव्हापासून दर दिवाळीला मी अंबरनाथहून एक वासा नेत असे, गार्डाची बोलणी खाऊन. गेल्या आश्विनात चार दिवसांच्या तापानं सासरे गेले. दिवाळी कुणी केली नाही, पण गावातून निरोप आला: या खेपेला दोन वासे आणा, एक तुमचा, एक त्यांचा.

ह्या श्रावणात मुराळी यायचा नव्हता. बायकोनं पिशवी भरली, मी तिला काठापर्यंत नेलं आणि म्हटलं, चल, पलीकडे सोडतो. ती म्हणाली, "तुमी सोडलंत तर ते माहेर कसलं? इथनंच फिरा." आणि ती निघाली. मधे ते दोन वासे शेजारी शेजारी बसवलेत, तिथं जरा थांबली, पायानं चाचपून बघितलं, आणि मग मागं न बघता पलीकडे गेली. ती झाडीआड दिसेनाशी झाली तरी मी छत्री धरून अलीकडच्या काठावर उभा होतो. पाऊस केव्हाच थांबला होता.