बाधितांसाठीचा नकाशा

बंगळूरला मारतहळ्ळीच्या बाजूला आम्ही प्लॉट घेतला आणि लगेच आवई उठली की मोठा रस्ता तिथूनच जाणार. दूधवाला म्हणे, जाणारच. शेजारचे अण्णा म्हणत, छे, तो बराच लांबून आहे. आता बांधावं की विकावं? विकायला काढला तर गिऱ्हाईकही पहिलं हेच विचारी. आमचे हे सरकारी कारखान्यात इंजिनीअर, पण कचेरीची पायरी चढायची म्हटली की यांना नेमकं दुसरं काम निघे. मग मीच भूसंपादनाच्या कचेरीत गेले.

रस्त्याचा नकाशा तेवढा बघू द्या, हवं तर रीतसर पैसे भरून नक्कल घेते, असं मी मोडक्या कन्नडमध्ये हेडक्लार्कना सांगितलं. माणूस वाईट नव्हता. बसायला खुर्ची दिली. म्हणाले, नकाशा फक्त बाधितांना मिळतो, म्हणजे ज्यांची जमीन रस्त्यात जाते त्यांना. अहो, माझी जाते की नाही तेच तर बघायचंय! तर म्हणाले, जात असेल तर नोटीस येईल, ती घेऊन या. आणि जात नसेल तर? मग नकाशा हवाच कशाला तुम्हाला? अस्सा संताप आला. पण राग आला की मला कन्नड सुचत नाही.

पुढे कितीतरी खेटे घातले. दरवेळी ते हात पुढे करून नोटीस मागत आणि मी तशीच परत येई. भाड्याच्या दोन खोल्यांत जीव नुसता गुदमरायचा. घरात कुठलंही बोलणं निघालं तरी त्या प्लॉटवर येऊनच अडायचं. शेवटी हे वैतागून म्हणाले, इतक्या दिवसांत नोटीस नाही, म्हणजे सुटलो आपण. फंडातले होते नव्हते ते पैसे काढले. पाया भरला, भिंती उठल्या, स्लॅब पडला.

मी स्लॅबवर पाणी मारत होते, तेव्हा नोटीस आली.

ती घेऊन गेले. हेडक्लार्कनी लगेच मागचं कपाट उघडलं आणि टेबलावर नकाशा पसरला. रस्ता आमच्या स्वयंपाकघरातून सरळ गेला होता. कोपऱ्यात तारीख होती, माझ्या पहिल्या खेपेच्याही आधीची.

"मी पहिल्यांदा आले तेव्हा हा इथेच होता?"

"याच कपाटात."

"मग दाखवला का नाही?"

त्यांना माझा प्रश्नच कळेना.

"तेव्हा तुम्ही बाधित नव्हता, अक्का," ते म्हणाले.